गाठोडे हलके, मुक्काम लांबचा



ज्येष्ठ महिना लागला की वऱ्हाडातल्या घराघरांत दोन कामांची एकदमच घाई उडते. एकीकडे बियाणे, खत, तिफणीची डागडुजी आणि दुसरीकडे पंढरीच्या वाटेची तयारी. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी १९६८ सालापासून पायी पंढरपूरला जाते आणि ती निघते ती बहुधा मृगाच्या तोंडावर. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते. नर्मदेच्या परिक्रमेला जाणारे चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी एकादशीनंतर निघतात. त्या वेळी आपल्याकडे कपाशीची वेचणी ऐन भरात असते. यात्रेचा मुहूर्त आणि शेतीचा हंगाम हे असे नेहमी एकमेकांच्या अंगावर येतात.

म्हणून शेतकरी घरातला माणूस महिना-दोन महिने, किंवा त्याहून जास्त दिवस बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात. बरोबर काय न्यायचे? आणि मागे जे राहणार आहे ते कोणाच्या हाती द्यायचे? पहिल्या प्रश्नावर घरात आठ-आठ दिवस चर्चा होते. दुसरा प्रश्न मात्र बैलगाडी किंवा एसटी सुटताना कोणाला तरी आठवतो. खरे तर गाठोड्यातले ओझे उतरवणे सोपे आहे, मनावरचे आणि घरावरचे ओझे नीट उतरवणे अवघड. या दोन्ही गोष्टींचा धडा आपल्याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने घालून दिला आहे.

दापुऱ्याचे डेबूजी

आज सारा महाराष्ट्र ज्यांना संत गाडगेबाबा म्हणून ओळखतो, ते मूळचे डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. मामाच्या घरी डेबूजी वाढले. गुरे राखली, नांगर धरला, पेरणी केली. अंगमेहनतीचे वेड असलेला पक्का शेतकरी होता तो.

मामाची जमीन सावकाराच्या कर्जापायी जाऊ लागली, तेव्हा डेबूजी सावकारापुढे वाकले नाहीत, ही हकिगत त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. जमिनीचा तुकडा जाताना काळजाला काय होते हे त्यांना पुरते ठाऊक होते. ज्याला शेतीची गोडी नव्हती, किंवा ज्याच्याजवळ सोडण्यासारखे काही नव्हते, अशा माणसाने घर सोडले असे येथे झालेले नाही. जमिनीसाठी उभ्या राहिलेल्या माणसानेच पुढे जमीन सोडली, म्हणून त्यांच्या सोडण्याला वजन आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. वयाची तिशीही गाठली नव्हती. तेथून २० डिसेंबर १९५६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ बावन्न वर्षे ते फिरतीवरच होते. त्यांचा शेवटही वाटेतच झाला. अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला.

त्या सामानाचा हिशेब

बावन्न वर्षांच्या फिरतीचे सामान किती? हातात काठी आणि खराटा, मातीच्या फुटक्या गाडग्याचा तुकडा, अंगावर निरनिराळ्या चिंध्यांचे कपडे. एवढेच.

शेतकऱ्याच्या नजरेने या सामानाकडे एकदा पाहा. गाडग्यात भाकर-कालवण घ्यायचे, त्यातच पाणी प्यायचे, आणि ऊन लागले की तेच डोक्यावर पालथे घालायचे. एक वस्तू, तीन कामे. गाडगे फुटले तर? गाव तेथे कुंभार आणि गाव तेथे खापर. ते पुन्हा कोठेही मिळणार. चोराने नेले तर? चोर ते नेणारच नाही. म्हणजे रात्री झाडाखाली झोपताना राखणीची चिंता नाही.

आता खराट्याकडे पाहा. तो स्वतःच्या सोयीची वस्तू नव्हेच. बाबा गावात शिरले की आधी रस्ता झाडायचे, कोणाची लाकडे फोडायचे, आणि मग भाकर मागायचे. फुकट खायचे नाही हा बाणा. म्हणजे गाठोड्यात शिदोरी नव्हती, पण शिदोरी मिळवण्याचे साधन हातात होते. ज्याचे हात कामाला तयार आहेत त्याला फार शिधा वाहावा लागत नाही, असा त्याचा अर्थ.

यातून आपल्यासारख्या संसारी माणसालाही तीन कसोट्या मिळतात. प्रवासाची पिशवी भरताना प्रत्येक वस्तू हातात घ्यावी आणि विचारावे: ही दोन तरी कामे करते का? वाटेतल्या कोणत्याही गावात ही मिळेल का? आणि हरवली तर जीव हळहळेल का? दोन कामे करणारी वस्तू न्यावी. वाटेत मिळणारी वस्तू ठेवून जावी. हरवल्यास हळहळ वाटेल ती तर घराबाहेरच काढू नये. सोन्याची पोत, अंगठी, नवे घड्याळ या तिसऱ्या कसोटीला उतरत नाहीत.

बंधूंनो, कपाशीची विरळणी करताना हात अडखळतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. उगवलेले रोप उपटायचे कसे? पण दाटी राहू दिली तर एकही झाड नीट वाढत नाही. पिशवीची गोष्ट तशीच आहे.

ज्यांचे घरच चालते

उन्हाळ्यात आपल्या रिकाम्या वावरात मेंढरे बसवायला धनगर येतात. कच्छ-काठेवाडकडचे रबारी आपले कळप घेऊन विदर्भभर हिंडतात. लेंडीखताचा व्यवहार ठरवताना त्यांच्या बिऱ्हाडाकडेही जरा निरखून पाहावे. उंटाच्या पाठीवर उलटी बाज, त्यात अंथरूण, चार भांडी, कोकरू आणि लहान मूल. एवढ्यावर वर्षानुवर्षे संसार चालतो. भांडे घ्यायचे तर पाठीवर जागा आहे का, हे आधी पाहावे लागते. आपल्या घरात मात्र जागा आहे म्हणून वस्तू येते, आणि वस्तू आली म्हणून माळा बांधावा लागतो.

नर्मदा परिक्रमेची जुनी रीतही हेच शिकवते. परिक्रमावासीने साठवण करायची नाही, वाटेत सदावर्तात मिळेल तो शिधा घ्यायचा. शूलपाणीच्या झाडीत तर पूर्वी वाटसरूला लुटून अंगावरच्या लंगोटीनिशी सोडीत. परिक्रमेला निघणारा हे जाणूनच निघे. आपल्या परतवाड्यात १९१६ साली जन्मलेले लेखक गो. नी. दांडेकर यांनी तरुणपणी ही परिक्रमा केली, आणि गाडगेबाबांचा सहवासही त्यांना लाभला होता.

याहून मोठे उदाहरण पाहिजे असेल तर १९६२ सालचे घ्या. सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोघे तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले, ते मॉस्को, पॅरिस, लंडन करीत वॉशिंग्टनपर्यंत गेले. समुद्र तेवढा बोटीने ओलांडला. निघताना विनोबांनी त्यांना सांगितले की पैसा बरोबर नेऊ नका. पैसा नसला की माणसांच्या दारात जावेच लागते आणि ओळख होते, हा त्यामागचा विचार. पाकिस्तानच्या सीमेवर एका स्नेह्याने खाण्याची पुडकी दिली, तीही त्यांनी परत केली. पुडके बरोबर घेणे म्हणजे समोरच्या गावातल्या माणसांवर अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटले.

अर्थात हे व्रत आपण कोणी घ्यावे असे नाही. पण गाठोडे जड होते ते पुष्कळदा भीतीने, हे त्यातून कळते. "असू द्या, लागलेच तर" असे म्हणून जे जे भरले जाते, ते सारे भीतीचे ओझे.

संसारी माणसाचे गाठोडे

दिंडीबरोबर सामानाची गाडी असते, म्हणून लोक पेट्या भरतात. पण मुक्कामावर ती पेटी शोधणे, उतरवणे आणि राखणे यात दमलेल्या माणसाचा तास-दीड तास जातो. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे. साठ किलोचा माणूस असेल तर सहा किलो. घरच्या तराजूवर गाठोडे एकदा ठेवून पाहावे, डोळे उघडतात.

दोन जोड कपडे पुरेत, एक अंगावर आणि एक वाळत. एक चादर किंवा पातळ दुलई, पांघरायला आणि अंथरायलाही. पावसासाठी मेणकापड, तेच रात्री खाली अंथरावे. तांब्या आणि एक ताटली. बॅटरी, सुई-दोरा, थोडी दोरी, साबणाची वडी. रक्तदाब, मधुमेह असेल तर पूर्ण दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी. आधार कार्डाची प्रत, मोबाईल व चार्जर, आणि एका कागदावर घरच्यांचे फोन नंबर, कारण मोबाईल बंद पडला तर नंबर पाठ नसतात. पायात नवी चप्पल मुळीच नको, वापरून मऊ झालेलीच हवी.

निघण्यापूर्वी आठ दिवस हे गाठोडे पाठीला बांधून रोज वावरात जाऊन यावे. खांदा कोठे दुखतो ते कळते, आणि कोणती वस्तू काढावी तेही खांदाच सांगतो.

मागे राहणाऱ्यांचे काय?

आता दुसरा आणि खरा प्रश्न. डेबूजी निघाले तेव्हा मागे म्हातारी आई, पत्नी कुंताबाई आणि मुले होती. बाबांच्या त्यागाचे आपण कीर्तन करतो, पण त्या दिवसापासून घराचा गाडा त्या बायामाणसांनी ओढला, हेही विसरू नये. बाबांचे कार्य मोठे, म्हणून समाजाने ते मान्य केले. आपण महिनाभराच्या वारीला निघालो असता सुनेच्या डोक्यावर न सांगता ओझे टाकून गेलो, तर त्याला त्याग म्हणता येणार नाही.

पुढच्या आयुष्यात बाबांनी सोपवणे कसे असते तेही दाखवले. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. ऋणमोचनला पूर्णेकाठी घाट झाला, आपल्या मूर्तिजापूरला गोरक्षण झाले. लाखोंच्या या मालमत्तेवर त्यांनी स्वतःचा वा नातेवाइकांचा हक्क ठेवला नाही. रीतसर विश्वस्त नेमून कामे सोपवली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. वस्तू सोडली, पण ती योग्य हाती पडेल अशी सोडली.

गावोगाव हिंडताना मला दिसते ते असे. म्हातारा यात्रेला गेलेला असतो. इकडे पीककर्जाच्या नूतनीकरणाला सही त्याची लागते. पीकविम्याची मुदत टळत असते. मोबाईलवर येणारा ओटीपी त्याच्या खिशातल्या फोनवर जातो आणि फोन लागत नाही. कोठीची किल्लीही कमरेला. देह पंढरीच्या वाटेवर, पण सारी सूत्रे अजून मुठीत. असा माणूस सहा किलोचे गाठोडे घेऊन निघाला तरी सहा एकराचे ओझे वाहत असतो.

म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांना, सुनांना आणि मुलींनाही, एकत्र बसवावे. कोणत्या वावरात काय पेरायचे, देणे-घेणे कोणाचे किती, ई-पीक पाहणी कोण करणार, बँकेची कामे कोण पाहणार, दुभत्या जनावराचे कोण करणार, हे वहीत लिहून ठेवावे. जास्त दिवस जाणार असाल तर विश्वासाच्या माणसाला कुलमुखत्यारपत्र करून द्यावे, आणि ते कोणत्या कामापुरते व किती मुदतीचे, हे त्यात स्पष्ट लिहावे. बैलजोडी सांभाळणारा कोणी नसेल तर ती ओळखीच्या घरी राखणीला द्यावी.

मात्र एक सावधगिरीची सूचना. काहीजण तीर्थाला निघताना भरात येऊन सारी जमीन मुलांच्या नावे करून टाकतात. परत आल्यावर त्यांना ओसरीवर जागा मिळत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास रद्द करून मागता येते. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी. दाद प्रांत अधिकाऱ्यांकडे मागता येते. जमीन द्यायची तर द्यावी, पण शुद्धीवर राहून आणि जाणत्याला विचारून. मोह सुटला म्हणजे व्यवहार सोडला असे होऊ देऊ नये.

भगिनींसाठी दोन शब्द. माळ्यावरची आंदणाची पितळी भांडी, नाव घातलेल्या परातींची उतरंड, संदुकीतली न नेसलेली लुगडी, यांत आपला जीव अडकलेला असतो. त्यातले जे वापरात नाही ते लेकीला, सुनेला, नातीला आपल्या हाताने द्या आणि देताना त्या वस्तूची हकिगत सांगा. मागाहून वाटणी झाली तर भांडे जाते आणि हकिगतही जाते. आपल्या हाताने दिले तर दोन्ही टिकतात.

यंदा जमत नसेल तर येत्या दिवाळीच्या साफसफाईला सुरुवात करावी. माळ्यावरची एक-एक वस्तू खाली उतरवून गाडगेबाबांच्या तीन कसोट्या तिला लावाव्यात. घर मोकळे होईल, उंदरांचा उपद्रव कमी होईल, धान्याच्या कोठीला हवा लागेल. आणि ज्या वर्षी पंढरीची, नर्मदेची वाट बोलावील, त्या वर्षी निरवानिरवीत महिना घालवावा लागणार नाही. वही मुलाच्या हाती, किल्ली सुनेच्या हाती, काठी आपल्या हाती, की निघता येईल.