अनियमित ऋतुस्राव : आधीं निदान, मग उपाय

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यांत मोसम नदीकांठीं वसलेलें नामपूर हें कांद्याच्या बाजारपेठेचें गांव आहे. अशा गांवीं दिवसभर शेतांत ओणवें राहणारी स्त्री थकली, फिकट पडली, तर दोष कामाला दिला जातो. शहरांतील सुशिक्षित घरांत तोच दोष वयाला किंवा जागरणाला मिळतो. महिन्यांतून दोनदां स्राव होतो, ही गोष्ट मात्र ती कोणाजवळ काढीत नाहीं. दुखणें असह्य झालें म्हणजे एकदम गर्भाशय काढून टाकण्याची भाषा सुरू होते. मौन आणि शस्त्रक्रिया ह्यांच्यामधली जी पायरी वगळली जाते, तिचें नांव निदान.

एका पाळीच्या आरंभापासून दुसरीच्या आरंभापर्यंत २४ ते ३८ दिवस जाणें आणि स्राव ८ दिवसांच्या आंत थांबणें, हें प्रौढ स्त्रीच्या बाबतींत स्वाभाविक होय. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत, तसेंच ती बंद होण्याच्या सुमारास, बीजकोशांतून दरमहा बीज सुटतेंच असें नाहीं. तें न सुटल्यास गर्भाशयाचें अस्तर वाढत राहतें व वेळीं-अवेळीं गळूं लागतें. थायरॉईड ग्रंथीच्या विकारानेंही हाच क्रम बिघडतो. कांहीं कारणें प्रत्यक्ष गर्भाशयांत असतात : मांसांकुर, तंतुमय गांठी, भिंतींत शिरलेलें अस्तर आणि क्वचित् कर्करोग. रक्त न गोठण्याचा जन्मजात दोष, कांहीं औषधें व तांबी हींही कारणें होत.

म्हणून वैद्य प्रथम तारखा विचारतो आणि गर्भ राहिला आहे काय, हें तपासतो; कारण गर्भपात किंवा गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ प्राणावर बेतूं शकतो. नंतर रक्तांतील हिमोग्लोबिन, थायरॉईडची तपासणी व सोनोग्राफी होते. वय ४५ च्या पुढें असल्यास बहुधा अस्तराचा तुकडा काढून तपासतात. पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी तपासणी टाळूं नये.

ही पायरी वगळल्यास काय होतें, तें बीड जिल्ह्यानें दाखविलें. २०१९ सालीं तेथील ८२,३०९ ऊसतोडणी कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हां १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. शस्त्रक्रिया कांहीं वेळां अटळ असते, हें खरें. परंतु पुष्कळ कारणें गोळ्या-औषधांनीं आटोक्यांत येतात. शिवाय तरुणपणीं गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर हाडें अकालीं ठिसूळ होतात.

घरांतील दिनदर्शिकेवर प्रत्येक पाळीच्या तारखेला एक खूण करावी. वैद्यापुढें ठेवण्यास ह्याहून सोपा पुरावा नाहीं. आणि गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास, “कारण काय सांपडलें?” हा प्रश्न त्या स्त्रीनें व तिच्या पतीनेंही नि:संकोच विचारावा.