नववी तान मुलाची

मुंबईतल्या दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीत, संतोषनगरात किंवा गोकुळधामच्या इमारतींत संध्याकाळी पेटी-तबल्याचा आवाज ऐकू आला, तर कुणाला नवल वाटत नाही. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झगडून सामान्य माणसासाठी उभी केलेली वसाहत म्हणजे नागरी निवारा. इथल्या नोकरदार घरातली मुलगी शाळा आणि शिकवणी उरकून शास्त्रीय गाणं शिकायला जाते, ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाच्या कल्पनेतही नव्हती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1908 मध्ये मुंबईत त्याची शाखा सुरू केली. विष्णु नारायण भातखंड्यांनी घराण्यांच्या कडीकुलपात असलेल्या बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीत छापल्या. पलुस्कर 1931 मध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी पुढे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ म्हणून ओळखली जाणारी संस्था स्थापन केली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या तिच्या परीक्षांच्या पायऱ्या आज मराठी घरांत दहावी-बारावीइतक्याच परिचयाच्या आहेत. गाणं सर्वांपर्यंत पोचलं ते या माणसांमुळे, आणि पुढे जे म्हणायचं आहे ते हे ऋण मान्य करूनच.

अडचण स्वरलिपीची नाही, तिच्या वापराची आहे. बंदीश आठवावी म्हणून जे लिहून ठेवायचं, तेच अनेक क्लासांत शिकण्याची शेवटची हद्द होऊन बसलं आहे. भूपाचा छोटा ख्याल, त्याचे चार आलाप, आठ ताना, सगळं वहीत उतरवलेलं. मूल ते पाठ करतं, लयीत म्हणतं, परीक्षकही चांगले गुण देतात. पण त्याच मुलाला ‘आता नववी तान तुझी तू घे’ म्हटलं की ते गप्प होतं, बाईंकडे बघतं. ख्यालगायनाचा प्राण उपजेत, म्हणजे गाता गाता नवं सुचण्यात आहे असं आपण सांगतो आणि उपज मात्र विशारदनंतर आपोआप येईल म्हणून सोडून देतो. माझं म्हणणं असं की स्वतःचं काही रचण्याची सवय पहिल्याच वर्षी, पहिल्याच रागात लावली पाहिजे. मुलांच्या अंगी जो धीटपणा यावा अशी आपली इच्छा असते, तो या सवयीतूनच येतो.

हे कुठून बाहेरून आणायला नको. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, म्हणजे सिंघण राजाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात खंडमेरूचा विचार आहे: ठरावीक स्वर एकदाच घेऊन त्यांचे किती क्रम लागतात याचा. सा रे ग या तीन स्वरांचे सहा क्रम होतात. त्यात पंचम मिळवला की चोवीस, आणि सातही स्वर घेतले तर 5040. सात वर्षांच्या मुलाला तीन स्वर देऊन ‘सहाही क्रम शोध’ म्हणता येतं. ‘सारेग’, ‘सागरे’, ‘रेसाग’ असं करत ते एका बैठकीत शोधतंही. मात्र एवढं तर गणित झालं. गाणं पुढच्या प्रश्नापासून सुरू होतं: यातले कोणते दोन जोडले तर भूपासारखं वाटतं, आणि समेवर यायला कोणता बरा? इथे मुलाला निवड करावी लागते आणि निवडीचं कारण स्वतःच्या कानाला विचारावं लागतं. तबल्यात तर ही सोय आधीपासून आहे. कायद्याचा पलटा करताना बोल त्या कायद्यातलेच घ्यायचे, भरी-खाली सांभाळायची आणि शेवटी तिहाई बांधायची. नियम इतके आखीव आहेत की दुसऱ्या वर्षाचं मूलही आत मोकळेपणानं फिरू शकतं. तरीही तबल्याच्या क्लासात पलटेसुद्धा लिहूनच दिले जातात, याचं वाईट वाटतं.

दाखवून देण्याचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा एक बोलका प्रयोग अमेरिकेत झाला. त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना अनेक गमती दडलेलं एक खेळणं दिलं. काही मुलांना मोठ्या माणसानं शिक्षकाच्या थाटात एकच गंमत करून दाखवली, काहींना काहीच शिकवलं नाही. शिकवलेल्या मुलांनी ती गंमत पटकन केली, पण बाकीच्या गमती त्यांनी कमी शोधल्या. शिक्षकानं एवढंच दाखवलं म्हणजे यात एवढंच असणार, असा अर्थ मुलं काढतात. खेळणं म्हणजे राग नव्हे, हे खरं. भूपात मध्यम-निषाद नाहीत हे सांगावंच लागतं, ते शोधायला सोडता येत नाही. पण चौकट सांगणं वेगळं आणि चौकटीतली प्रत्येक जागा भरून देणं वेगळं.

यावर जाणती माणसं म्हणतील, आधी पाया. सूर लागत नाही, लय टिकत नाही, अशा मुलानं स्वतःचं काय गायचं? जुन्या गुरूंनी वर्षानुवर्षं पलटेच घोटून घेतले. हा आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा मला मान्यही आहे. गळा तयार होण्याला रियाजाशिवाय वाट नाही. पण त्या काळी शिष्य गुरूच्या घरी राहायचा, गुरू रोज नवं काही शोधताना त्याच्या कानावर पडायचं. आठवड्यातून दोनदा तासभर येणाऱ्या मुलाला घोटणं तेवढं मिळतं, शोधणं ऐकायला मिळतच नाही.

मुलाला शोधायला शिकवण्याचं मोठं उदाहरण मुंबईतच आहे. पलुस्करांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी 1925 मध्ये गिरगावात स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं. तिथे ते नाना घराण्यांच्या गायकांना बोलवत. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली हा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना त्यांच्याकडे आला, तो बड्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन कुमार गंधर्व म्हणून गाजलेलाच होता. ती नक्कल तशीच चालवली असती तरी टाळ्या कमी पडल्या नसत्या. देवधरांनी त्याला एका साच्यात न घालता अनेक गायक्या ऐकवल्या, विचार करायला शिकवलं. पुढे देवासला माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग बांधणारे कुमारजी घडले, त्यामागे त्यांची प्रतिभा होतीच, पण ही मोकळी शाळाही होती. ‘तो अलौकिक मुलगा होता, आमची मुलं साधी आहेत’ असं कुणी म्हणेल. मग साध्या मुलाला ही मोकळीक अधिकच हवी. प्रतिभावंत ती कदाचित हिसकावूनही घेईल.

धीटपणाचा मार्ग आज वेगळाच समजला जातो. दिंडोशीच्या शेजारीच चित्रनगरी आहे आणि टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा घरोघरी पोचल्या आहेत. 2008-09 च्या ‘लिटिल चॅम्प्स’नं महाराष्ट्राला उत्तम बालगायक दाखवले, याबद्दल कृतज्ञच असायला हवं. पण स्पर्धेत मोजलं जातं ते बहुधा दुसऱ्याचं गाणं किती नेमकं म्हटलं ते, आणि कौतुक होतं ते ‘देवाची देणगी’ म्हणून. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ‘तू हुशार आहेस’ अशी स्तुती झालेली मुलं अवघड कोडी चुकल्यावर लवकर खचली. मेहनतीची स्तुती झालेली टिकून राहिली. गाण्याच्या क्लासात याचा उपयोग सोपा आहे. ‘काय गोड गळा आहे’ म्हणण्याऐवजी ‘गंधारावर थांबलास ते का?’ असं विचारावं, आणि फसलेली तान हसून सोडून न देता ती समेला कुठे चुकली ते मुलासोबत पाहावं.

राहिला परीक्षेचा प्रश्न. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, पालकांना प्रमाणपत्र हवं असतं, एका खोलीत दहा-पंधरा मुलं असतात. शिक्षकांची ही ओढाताण खरी आहे आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आठ लिहिलेल्या तानांपैकी दोन मुलांनी स्वतः बांधाव्यात एवढं ठरवलं तरी अभ्यासक्रम कुठे मोडत नाही. आलाप-ताना हव्यात, त्या कुणी रचल्या हे परीक्षक विचारत नाहीत. गर्दीचाही इथे फायदाच होतो. एकानं दोन आवर्तनं म्हणायची, पुढच्यानं त्याचाच शेवटचा स्वर धरून पुढे जायचं, बाकीच्यांनी हातावर ठेका धरायचा. एक परीक्षा संपून दुसरीची तयारी सुरू होईपर्यंतचे जे मोकळे आठवडे असतात, त्यांत हे करून बघायला शिक्षकांना कुणाची परवानगी लागत नाही.