सेल संपला तरी किल्ली बोलते

पुश बटणाच्या गाडीच्या रिमोटचा सेल भलत्या ठिकाणी संपला, तर गाडी टोइंग करून न्यावी लागते का, असं एका वाचकाने विचारलं आहे. नाही लागत. रिमोटच्या कडेचा छोटा खटका सरकवा, आतून साधी धातूची किल्ली निघते. दाराच्या हँडलपाशी तिचं भोक असतं, काही गाड्यांत प्लास्टिकच्या टोपणाखाली दडलेलं. दार उघडताच अलार्म बोंबलला तरी घाबरू नका. आत बसून ब्रेक दाबा, रिमोट स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. बऱ्याच गाड्या एवढ्यावर सुरू होतात. काहींत रिमोट टेकवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये चित्रासह दाखवलेली असते.

पण सेलच मेलाय, मग गाडीने मालकाला ओळखलं कसं?

3 व्होल्टचा तो सेल लागतो लांबून बोलायला. ओळख पटवणाऱ्या चिपला त्याची गरजच नाही. बटणामागे तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला सुमारे सव्वा लाख आवर्तनं करणारा उलटसुलट प्रवाह धावतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र रिमोटमधल्या वेटोळ्यात वीज निर्माण करतं. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेला प्रयोग तो हाच! या चिमूटभर विजेवर चिप जागी होते आणि आपल्या वेटोळ्यावरचा भार कमीजास्त करते. तो बदल गाडीकडच्या वेटोळ्याला जाणवतो. हेच चिपचं उत्तर. मात्र हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात विरतं. अंतर दुप्पट झालं की जोर जवळपास आठपट घटतो. म्हणून रिमोट नुसता जवळ धरून भागत नाही, टेकवावाच लागतो.

विचारणाऱ्यानेच ऊर्जा पुरवायची, ही कल्पना मला फार आवडते. तिचा सर्वांत थरारक वापर मॉस्कोत झाला. ऑगस्ट 1945 मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूत हॅरिमन यांना लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. ते राजदूताच्या निवासस्थानी भिंतीवर लागलं आणि 1952 पर्यंत तिथलं बोलणं बाहेर पोचवत राहिलं. आत ना सेल होता, ना वायर. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की आवाजाने थरथरणारा पातळ पडदा परतणाऱ्या लहरी बदलायचा. आरशाने कवडसा पाडणाऱ्या मुलाकडे स्वतःचा उजेड कुठे असतो? आरसा हलवला की निरोप जातो.

हे यंत्र लेव्ह तेर्मेन यांचं. हात न लावता वाजणारं ‘थेरेमिन’ वाद्यही त्यांचंच. स्टालिनच्या राजवटीत कैदी असताना, तुरुंगातल्या प्रयोगशाळेत त्यांनी हे हेरयंत्र घडवलं. 1948 मध्ये अमेरिकेत हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित लहरींनी संदेश पाठवण्यावर निबंध छापला आणि तो अभ्यासकांच्या हाती गेला. तेर्मेन यांचं काम सरकारी गुपित राहिलं. आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही सेलविना, परतणाऱ्या लहरींवरच चालतो. रिमोटमधली जोडणी चुंबकीय असल्याने तिचं भौतिकशास्त्र वेगळं आहे, तरी या साऱ्या घराण्याच्या इतिहासात तेर्मेन यांचं नाव अगदी वरच्या ओळीत हवं, असं मला ठामपणे वाटतं.

नवा सेल घेताना जुन्यावरचा आकडा बघा. ‘2032’ म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी. सेल बदलल्यावर रिमोट सहसा गाडीशी पुन्हा जुळवावा लागत नाही. ओळखीचा संकेत चिपमध्ये विजेशिवायही टिकून असतो.