छातीतली धडधड आणि शेजारचा वूफर

कुंभार पिंपळगावच्या एक आजी महिन्याभरात तिसऱ्यांदा ओपीडीत आल्या. 'रातच्याला छातीत धडधड व्हायली, झोपच लागंना गेली.' ईसीजी ठीक होता, रक्तदाब मात्र वाढलेला. गोळीची मात्रा वाढवायला मी पेन उचललं आणि सहज विचारलं, 'दिवसा होतं का?' 'दिवसा न्हाई. शेजारच्या पोरानं डबा लावला की. मांडणीवरची ताटंबी वाजत्यात.'

डबा म्हणजे नवीन होम थिएटर. त्याचा वूफर दोन घरांतल्या सामाईक भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेला.

वूफरमधला खोल आवाज साधारण 40 ते 100 हर्ट्झचा असतो. 50 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर, म्हणजे आपल्या खोलीपेक्षा मोठी. चार-नऊ इंची वीटभिंत तिला फारशी अडवत नाही. दुसरी वाट जमिनीतून जाते: डबा हलतो, फरशी हलते, फरशीमुळे भिंत हलते आणि पलीकडे ती भिंतच स्पीकर होते. जुन्या माळवदाच्या घरांच्या मातीच्या भिंती जाड आणि जड, त्या सहज हलत नसत. पत्रे मात्र लगेच थरथरतात. माठ घेताना आपण टिचकी मारतो तेव्हा तो स्वतःचाच ठरलेला सूर देतो. तसाच सूर पत्र्याला आणि ताटालाही असतो. गाण्यात तो आला, की ती वाजू लागतात.

ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल आहे. पण मोबाइलवर मोजून 'बघा, कमीच आहे' म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. ही मोजणी कानाच्या संवेदनक्षमतेनुसार केलेली असते, त्यात 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबलने कमी धरला जातो. आकडा लहान दिसला, तरी शेजारच्याची तक्रार खोटी ठरत नाही. रात्रीच्या आवाजाने झोप तुटते, नाडी वाढते. वर्षानुवर्षे हेच चाललं, तर रक्तदाबाचा धोकाही वाढतो.

उपाय स्वस्त आहेत. वूफर सामाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यातून बाहेर काढा, कोपऱ्यात बेस फुगतो. लोखंडी कपाटावर किंवा पलंगाखाली तर ठेवूच नका. खाली जाड शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्या फरशीखाली चार कोपऱ्यांना मऊ रबराचे तुकडे द्या. वॉशिंग मशीनच्या पायांखाली घालतात ते चालतात. वर वजन आणि खाली लवचीक आधार असला, की थरथर जमिनीत कमी उतरते. गाणं चालू असताना भिंतीला तळहात लावा, फरक हाताला कळेल. वाजणाऱ्या ताटांमध्ये फडक्याची घडी पुरते. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची हौस मात्र सोडा, बेससाठी त्यांचा उपयोग नाही.

हवेतून जाणारा बेस मात्र रबराने थांबत नाही. त्यासाठी बटणच फिरवावं लागतं, रात्री तर हमखास.

मी मात्रा वाढवली नाही, पंधरा दिवसांनी बोलावलं. दरम्यान आजींनी शेजारच्या पोराला भिंतीला हात लावायला लावला होता. त्यानं डबा समोरच्या बाजूला नेला, खाली फरशी घातली. झोप लागू लागली, रक्तदाबही उतरला. गोळी चालूच आहे, पूर्वीच्याच मात्रेत.