स्तनकर्करोगाच्या शीघ्र प्रसाराची सूचक लक्षणे आणि आपले कर्तव्य

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात स्तनातील गाठ स्त्री अनेकदा प्रथम ओळखीच्या वैद्यांस दाखविते, किंवा औषधालयात येऊन लेप मागते. गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी समजली जाते. वस्तुतः आरंभीचा स्तनकर्करोग बहुधा वेदनारहितच असतो.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात मर्मस्थानी वा स्रोतसांत उत्पन्न झालेले आणि अचल असे अर्बुद असाध्य मानले आहे. गाठ त्वचेला वा छातीच्या भित्तीला चिकटून अचल झाली, की व्याधी पुष्कळ पुढे गेलेला असतो, हे आजही खरे आहे. म्हणून त्यापूर्वीची सूचक लक्षणे आपण जाणली पाहिजेत.

पहिले लक्षण काखेतील लसिकाग्रंथींचे. बाधित ग्रंथींची संख्या जितकी अधिक, तितका दूरच्या अवयवांत प्रसाराचा धोका अधिक. दुसरे गाठीच्या आकाराचे. 2 सेंमीपर्यंतची गाठ आणि 5 सेंमीहून मोठी गाठ यांच्या साध्यतेत मोठे अंतर आहे. तिसरे पेशींच्या विकृतीची श्रेणी, चौथे गाठीभोवतीच्या रक्त-लसिकावाहिन्यांत पेशींचा शिरकाव, आणि पाचवे ग्राहींची स्थिती. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर-टू हे तिन्ही नकारात्मक असल्यास रोग उलटण्याचा धोका पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक असतो. इस्ट्रोजेन सकारात्मक रोग दहा वर्षांनंतरही उलटू शकतो. प्रसार प्रामुख्याने अस्थी, फुप्फुस, यकृत व मेंदू येथे होतो.

यांपैकी पहिल्या दोहोंचा अंदाज स्पर्शपरीक्षेने येतो. उरलेली तीन बायोप्सीशिवाय कळत नाहीत. नाडीपरीक्षा त्यांची जागा घेऊ शकत नाही. सुई लावल्याने रोग बळावतो, ही समजूतही आपणच दूर केली पाहिजे.

स्पर्शपरीक्षेचे मोल मुंबईत सिद्ध झाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनपरीक्षा केली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग अलीकडच्या अवस्थेत सापडू लागला, आणि 50 वर्षांवरील स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले.

तात्पर्य, निदान होईपर्यंत गाठीवर मर्दन, स्वेदन, लेप वा छेदन करू नये. औषधालयचालकांनी लेप न देता रुग्णेस तपासणीस धाडावे. जिल्हा रुग्णालय किंवा डेरवणचे वालावलकर रुग्णालय आपल्याला दूर नाही. निदानानंतर अग्निबल व मनोबल राखण्यासाठी आपली चिकित्सा कर्करोगतज्ज्ञांच्या अनुमतीने अवश्य द्यावी; परंतु त्यापूर्वी चिठ्ठी लिहून त्याच आठवड्यात रुग्णेस पाठविणे, हेच आपले प्रथम कर्तव्य होय.