मौनाचा जमाखर्च

दशलक्षण पर्वात उत्तम सत्य धर्मावर प्रवचन झाले की बाहेर चपला शोधताना एक प्रश्न हमखास कानी पडतो : "ऐकायला ठीक आहे, पण व्यापारात आणि संसारात शंभर टक्के खरे बोलून कसे चालेल?" विचारणारा बहुधा स्वतःच नकारार्थी मान हलवतो आणि विषय तिथेच संपतो. बँकेच्या नोकरीत उभे आयुष्य गेल्यावर मला वाटते, हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो.

मनात आहे ते सारे बोलून टाकण्याची आज्ञा आपल्या शास्त्रांनी गृहस्थाला केलेलीच नाही. सत्य महाव्रत मुनींचे, श्रावकासाठी अणुव्रत. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरण्ड श्रावकाचारा'त सत्याणुव्रत सांगताना स्थूल असत्याबरोबर, दुसऱ्यावर संकट ओढवणारे सत्यही वर्ज्य केले आहे. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांनी १७९७ साली नेमके उलट मत मांडले : मित्राचा जीव घ्यायला आलेल्याने तो कुठे आहे असे विचारले, तरी खोटे बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याकडे सत्य हे अहिंसेच्या शेताचे कुंपण मानले आहे. कुंपणानेच शेत खाऊ नये.

आमटीत मीठ कमी असताना "छान झाली" म्हणणे पाप की पुण्य, यावर मी फार वेळ घालवणार नाही.

मात्र या सवलतीने ज्यांना हायसे वाटले असेल, त्यांनी 'तत्त्वार्थसूत्रा'तील सत्याणुव्रताचे पाच अतिचार पाहावेत : मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. एखाद्या अनुभवी पेढीवाल्याने लिहावी अशी ही यादी आहे. कूटलेखक्रिया म्हणजे बनावट दस्तऐवज. रहोभ्याख्यान आणि साकारमंत्रभेद हे दोन्ही दुसऱ्याचे गुपित फोडण्याशी संबंधित आहेत. म्हणजे "मी आपला खरे तेच बोललो" ही सबब तिथे चालत नाही. सर्वांत सूक्ष्म आहे तो न्यासापहार. ठेव ठेवणारा रक्कम विसरला, कमी मागू लागला, आणि ठेव सांभाळणारा एवढेच म्हणाला, "बरोबर, तेवढीच."

हा अतिचार मला बँकेच्या काउंटरवर समजला. पतीच्या निधनानंतर एक आजी दोन मुदत ठेवींच्या पावत्या घेऊन आल्या. खातेवहीत तीन ठेवी होत्या. दोन पावत्यांचे पैसे देऊन आमच्या लिपिकाने काम संपवले असते, तर त्याच्या तोंडून एकही खोटा शब्द निघाला नसता. तो म्हणाला, "आजी, बसा जरा, अजून एक आहे." त्या क्षणी त्याने पाळले ते सत्यव्रतच. आज दहा वर्षे कुणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या योजनेनुसार ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होतात, पण ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क त्यानंतरही अबाधित राहतो. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी २०२३ पासून 'उद्गम' हे पोर्टल उपलब्ध आहे. वडिलांच्या जुन्या कपाटातील कागद वाचकांनी एकदा पाहावेत, हे जाता जाता सुचवतो.

मौन नेहमीच इतके सरळ नसते. तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना एक निवृत्त मुख्याध्यापक भाच्याच्या कर्जाला जामीन राहण्यास आले. सही करण्यापूर्वी त्यांनी विचारले, "साहेब, काळजीचे काही कारण नाही ना?" भाच्याचे आधीचे कर्ज दोनदा थकून कसेबसे नियमित झाले होते. ग्राहकाच्या खात्याची गुप्तता राखणे हे बँकेचे कर्तव्य. आणि महत्त्वाच्या बाबीविषयी मौन बाळगून मिळवलेला जामीन भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४३ नुसार अवैध. "काळजी नको" म्हणणे असत्य, थकबाकी सांगणे हा विश्वासभंग, आणि गप्प राहून सही घेणे या दोन्हींहून वाईट. मी भाच्याला आत बोलावले आणि म्हणालो, "जुन्या खात्याविषयी मामांना तुम्हीच सांगा. तोवर हा फॉर्म माझ्या खणात राहील." बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने सांगितले. मामांनी सही केली नाही. भाचा पुढे कित्येक वर्षे मला रस्त्यात ओळख देत नसे, आणि त्या तिमाहीचे माझे कर्जवाटपाचे उद्दिष्टही हुकले. सत्याला किंमत पडत नाही असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

त्या अनुभवानंतर मी मौनाला एकच प्रश्न विचारू लागलो : हे कोणाच्या खात्यावर जमा होते आहे? रुग्णाला धीर यावा म्हणून एखादी गोष्ट दोन दिवस उशिरा सांगणे आणि आपला व्यवहार जुळावा म्हणून ती दडवणे, ही दोन मौने बाहेरून सारखीच दिसतात.

याच करार कायद्याच्या कलम १७ मध्ये एक मार्मिक उदाहरण आहे. लिलावात घोडा विकणारा त्याचा दोष ठाऊक असूनही गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. वधू-वर मेळाव्यांत फिरणारे परिचयपत्रक हाती आले की मला हा घोडा आठवतो. त्यात शिक्षण, उंची, फ्लॅट सारे असते. डोक्यावरचे कर्ज किंवा जुना आजार नसतो. "त्यांनी थेट विचारले नाही, म्हणून आम्ही सांगितले नाही" हे वाक्य मी आमच्याच नात्यागोत्यात तीनदा ऐकले आहे. तिन्ही वेळा ते लग्नानंतर उच्चारले गेले होते.