मुहूर्त परीक्षेचा

गणपती बसले त्या संध्याकाळी धाकटीने विचारले, ‘‘बाबा, क्लॅटचा फॉर्म यंदा भरू, की एक वर्ष थांबू?’’

आमच्या पिढीत कायद्याकडे वळणारा बहुधा आधी पदवी घेई आणि नोकरी सांभाळून सकाळच्या कॉलेजात जाई. मुहूर्ताचा प्रश्नच नव्हता. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामायिक परीक्षा २००८ साली सुरू झाली. तेव्हा ती बारावी आटोपल्यावर होई. डिसेंबर २०२२ पासून ती डिसेंबरात, बोर्डाच्या तोंडावर येते. दोन तास, १२० प्रश्न. चुकले की पाव गुण वजा.

‘‘आधी बोर्ड,’’ सौ. म्हणाली. मी मात्र ‘यंदाच’ म्हणून बसलो. कारण सांगितले नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय.

लेकीने ते ओळखले होते. रात्री वही घेऊन आली. ‘‘डिसेंबरात देते. दुसऱ्या दिवसापासून फक्त बोर्ड. नाहीच जमले, तर राज्याची सीईटी बोर्डानंतर आहेच. त्यात चुकीला गुण कापत नाहीत.’’

वहीत अकरावीपासूनच्या अग्रलेखांची टिपणे होती. क्लॅटमध्ये उतारे वाचूनच उत्तरे द्यायची असतात. ती सवय महिन्याभरात लागत नाही. आम्ही दोघे तारखेवरून वाद घालत होतो. पोरीने मुहूर्त दीड वर्षापूर्वीच साधला होता.

फॉर्म भरला. आता घरात एकच नियम आहे: निकालाचा विषय तिने काढल्याशिवाय कुणी काढायचा नाही.